तोंड उघड, शालू

नव्या खोल्यांत राहायला आल्यापासून पंचफुलाचं नाव पुष्पा झालं होतं. नाव तिच्या नवऱ्यानं, श्रावणनं सुचवलं. "पंचफुला म्हनलं का लोक इचारतेत, कोन्या गावच्या, कोन्या घरच्या. पुष्पा म्हन. कोनी काई इचारत नाई."

श्रावण वानखडे अमरावतीत एका सरकारी कचेरीत कारकून होता. मॅट्रिक झालेला, वळणदार अक्षराचा, छप्पन साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतलेला. पहिली तीन वर्षं तो आपल्या गावाहून, भातकुलीहून, सायकलनं ये-जा करायचा. पावसाळ्यात काळ्या मातीनं चाकं जाम व्हायची, मग सायकल खांद्यावर घेऊन चालत यायचा. पोरगी, शालू, सहा वर्षांची झाली, तिला शहरातल्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा त्यानं खोली शोधायला घेतली. खोल्या रिकाम्या असायच्या. जात विचारून झाली की भरलेल्या निघायच्या. पाच महिने असंच चाललं. सरकारी क्वार्टरसाठी अर्ज केला होता, पण त्याचा नंबर कधी लागेल ते साहेबालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी अंबागेटच्या आत, चिंतामण मास्तरांच्या घरामागच्या दोन टिनाच्या खोल्या मिळाल्या. मास्तर निवृत्त झालेले, कानानं जरा अधू. आडनाव ऐकून ते म्हणाले, "वानखडे? आमच्या शाळेत एक वानखडे होते. परतवाड्याकडचे कुणबी. तुमचे कोणी?"

"असतील," श्रावण म्हणाला.

तेवढंच. तो खोटं बोलला नव्हता. पण त्या एका शब्दावर आता तिघांना राहायचं होतं.

शालूला आईनं सगळं शिकवलं. कोणाला जयभीम म्हणायचं नाही. आजीचं घर गावात कुठं आहे ते सांगायचं नाही. मास्तरांच्या घरच्या काकूंच्या ओसरीच्या आत जायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. कोणी काही विचारलं तर म्हणायचं, माझ्या आईला विचारा. शालू तोवर दिवसभर बडबडणारी पोर होती. भातकुलीत तिची आजी मनकर्णा म्हणायची, या पोरीच्या तोंडात चिमण्या बसल्या आहेत.

मास्तरांच्या बायकोला, गोदावरीबाईंना, मूलबाळ नव्हतं. त्यांनी शालूला जवळ केलं. शाळेतून आली की तिला ओसरीवर बसवून वेणी घालायच्या, लाडू द्यायच्या, गालावर गाल टेकवायच्या. पंचफुला आतून बघायची. बाई वाईट असती तर सोपं झालं असतं. बाई इतकी चांगली होती की तिला कळलं तर काय होईल, याचा विचारच करवत नव्हता.

दिवाळीत एकदा गोदावरीबाई फराळाचं ताट घेऊन मागच्या दारी आल्या. खोलीत नजर फिरवून म्हणाल्या, "पुष्पाबाई, देव कुठं ठेवले तुम्ही?"

पंचफुला काही बोलायच्या आत शालू म्हणाली, "आमचे बाबा पेटीत रायतेत."

गोदावरीबाई हसल्या. "अगं, तुझे बाबा तर आत्ता बाजारात गेले."

"थे बाबा नाई. फोटोतले बाबा."

"कोणते गं? गाडगेबाबा? की तुकडोजी महाराज?"

"तुकडोजी महाराज," पंचफुला घाईनं म्हणाली. "काच फुटली, म्हणून पेटीत ठेवलाय."

चार दिवसांनी गोदावरीबाईंनी गुरुकुंज मोझरीहून महाराजांचा नवा फोटो मागवून घेतला आणि स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला. महाराजांशी वानखड्यांच्या घरात कुणाचं काही वाकडं नव्हतं. पण फराळाचं ताट आलं त्या संध्याकाळी, गोदावरीबाई दाराबाहेर पडताच, पंचफुलानं शालूच्या तोंडावर फाडकन चापट मारली होती. जन्मल्यापासून पहिली.

"पुन्हा तोंड उघडशीन तर जीभ कापून टाकीन," ती म्हणाली होती.

नंतर तिनं शालूला मांडीवर घेतलं, साखर दिली, आणि आपण काय बोललो ते विसरून गेली. असं तर सगळ्या आया बोलतात. शालू मात्र गप्प झाली. शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा लिहिला, मुलगी शांत व आज्ञाधारक आहे. श्रावणला आनंद झाला.

डिसेंबरात शालूचा डावा गाल सुजला. दोन दिवस तिनं सांगितलंच नाही. भाकर उजव्या बाजूनं चावत राहिली. पंचफुलानं लवंग ठेचून दाढेत भरली, हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना गोदावरीबाईंच्या हाताला गाल लागला.

"अगबाई, हिला तर फोड आलाय आत! पुष्पाबाई, चला, माझा भाचा दातांचा डॉक्टर आहे जयस्तंभाजवळ. मुंबईहून शिकून आलाय."

"मी हिला घेऊन जाईन उद्या—"

"उद्या कशाला? तो एक पैसा घेणार नाही. मीच येते सोबत."

नाही म्हणायला कारण सापडेना. पंचफुलानं शालूला धुतलेला फ्रॉक घातला आणि दोघींच्या मागोमाग निघाली.

डॉक्टर उद्धव तिशीचे, गोरे, हसतमुख गृहस्थ होते. आत नवी खुर्ची होती, पायानं चालवायचं यंत्र होतं, काचेच्या कपाटात चिमटे मांडलेले होते. शालूच्या आधी धामणगावच्या एका अडत्याची नात खुर्चीत होती, शालूएवढीच. तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता. "मी नाही! हा डॉक्टर गाढव आहे! आजोबा, याला मारा!" तिचे आजोबा शेजारी उभे राहून हसत होते. डॉक्टरही हसत होते. दात निघाला, मुलगी चिमटीत दात धरून, तोंडभर रक्त आणि गालावर आसवं घेऊन, पेपरमिंट मागत बाहेर पडली.

पंचफुला त्या मुलीकडे बघत राहिली. काय पोरगी होती! तिला कुणाचीच भीती नव्हती.

"ये बाळ," डॉक्टर शालूला म्हणाले. "बस. तोंड उघड."

शालू खुर्चीत बसली. ती रडली नाही, हलली नाही. तिनं ओठ आत ओढून घेतले आणि घट्ट मिटले.

"उघड, बेटा. नुसतं बघतो."

शालू आईकडे बघत होती. डोळे एवढे मोठे झालेले.

"उघड ना शालू, डॉक्टरकाका चांगले आहेत," पंचफुला मास्तरांच्या घरच्या माणसांपुढं बोलायची तशी जपून बोलली.

डॉक्टरांनी आरसा दाखवला, पेपरमिंट दाखवलं, आपलं तोंड उघडून दाखवलं. मग लाकडी पट्टी ओठांत घालू लागले, तर शालूच्या दातांचा कर्र आवाज आला. खालच्या ओठातून रक्ताचा एक थेंब हनुवटीवर आला. तोंडातून आवाज म्हणून नाही.

"हट्टी आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हसरा चेहरा आता कंटाळला होता. "घरी फार लाड होतात वाटतं. मावशी, रडणारी पोरं सोपी असतात. रडताना तोंड उघडंच असतं. हे असं गप्प बसणारं पोर म्हणजे कठीण काम."

"थांब, मी उघडते," गोदावरीबाई म्हणाल्या. "नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतातच."

कंपाउंडरनं हात धरले. गोदावरीबाईंनी प्रेमानं, अगदी प्रेमानं, "माझं सोनं ते, माझं शहाणं बाळ ते," असं म्हणत शालूचं नाक चिमटीत धरलं.

पंचफुलानं मनात आकडे मोजले. पाच. आठ. शालूचा चेहरा लाल झाला. दहा. तिचे पाय खुर्चीवर आपटू लागले. आता उघडेल. बारा. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे पांढरे व्हायला लागले, चेहरा काळानिळा पडला, तरी ओठ मिटलेलेच.

"सोडा!" पंचफुला ओरडली आणि तिनं गोदावरीबाईंचा हात हिसकून बाजूला केला. "सोडा तिले! मरन ते!"

खोलीत सगळे थांबले. शालूनं नाकानं लांब श्वास ओढला. ओठ तरीही उघडले नाहीत.

डॉक्टरांनी ताप उतरायच्या पुड्या दिल्या. दोन दिवसांत दाढ काढली नाही तर पू पसरेल, म्हणाले. परतताना गोदावरीबाई दोन पावलं पुढंच चालत राहिल्या. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "मी काय शत्रू आहे का हो तिची?" त्यांचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं, काकू," पंचफुला म्हणाली.

श्रावण संध्याकाळी घरी आला. ऐकून आधी म्हणाला, "काकूले दुखवलं तू?" मग त्यानं अंथरुणावर पडलेल्या शालूला बघितलं आणि खाली बसला. पंचफुला म्हणाली, "मी तिले अकोल्याले नेतो. माह्या भावाकडं."

"तठी सरकारी दवाखान्यात काय करतीन? अठी मुंबईचा डॉक्टर फुकट—"

"अठी ते तोंड उघडत नाई. तुमाले दिसत नाई काय?"

"हळू बोल," श्रावण म्हणाला. भिंतीपलीकडे मास्तरांचं देवघर होतं.

सकाळी ताप वाढला, तेव्हा त्यानं स्वतःच सायकलवर दोघींना स्टेशनावर पोचवलं. बडनेऱ्याला गाडी बदलून त्या अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. गर्दी फारशी नव्हती. समोर एक म्हातारी झोपली होती. मूर्तिजापूर गेलं. शालू आईच्या कुशीत होती, अंग तापलेलं. बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती.

"माय," शालू म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"काय वं?"

"मी नाई सांगतलं कोनाले."

"काय नाई सांगतलं?"

"बाबाचं. आजीच्या घराचं. काईच नाई सांगतलं." तिनं आईकडं तोंड वळवलं. "मंग माही जीभ कापाले कावून नेलं व्हतं?"

पंचफुलाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला ते कपाटातले चिमटे दिसले, आणि सहा वर्षांच्या पोरीला ते कसे दिसले असतील ते दिसलं. काकू होत्या, आई होती, हात धरायला माणूस होता. पोरीनं श्वास कोंडून घेतला, मरायला टेकली, पण तोंड उघडलं नाही. आईनंच सांगितलं होतं, उघडू नको.

"जीभ नाई कापत कोनी," ती म्हणाली. "दात काढाचा व्हता, माये. किडलेला दात. जीभ कोनीच नाई कापत. मी खोटं बोलली. तुही माय खोटं बोलली."

शालूनं तिच्याकडे निरखून बघितलं. पटलं की नाही ते समजलं नाही.

पंचफुलाचा भाऊ मोतीराम अकोल्यात कापसाच्या जिनात कामाला होता. अकोट फैल नावाच्या भागातल्या वस्तीत त्याचं घर होतं. दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार. मोतीरामची बायको कौशल्या दारातच ओरडली, "जयभीम वं बाई! अन् हे काय, पोरीचं तोंड भोपळ्यावानी!" शालू आईच्या लुगड्यामागे दडली आणि गल्लीकडे बघू लागली. कोणी ऐकलं का ते बघत होती. गल्लीत तीन बाया बसल्या होत्या. तिघीही जयभीम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कौशल्या दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. बाकावर चाळीस माणसं होती. डॉक्टर म्हातारे, जाड चष्म्याचे, हातात सुई आणि कपाळावर आठी. खुर्ची साधी लाकडी. शालू खुर्चीत बसली आणि पुन्हा तिचे ओठ मिटले.

डॉक्टर म्हणाले, "उघड. माझ्याजवळ वेळ नाही."

पंचफुला पुढं झाली. खोलीत नर्स होती, दाराशी लोक होते. तिनं शालूचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवलं आणि घरात बोलतात तसं, मोठ्यानं बोलली, "पाय माह्याकडं. अठी कोनाले भ्याचं नाई. बोंबल. लागलं तं बोंबल. डाक्टरले शिव्या दे. तुले जे म्हनाचं ते म्हन, सारं म्हन. कोनी आपल्याले घराबाहेर काढत नाई अठून."

नर्सनं चमकून बघितलं. डॉक्टरांची आठी जरा सैल झाली. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी सुई खाली ठेवली आणि थांबले.

शालूनं मामीकडे बघितलं. कौशल्या म्हणाली, "जोरात, बरं का. गल्लीत आयकू गेलं पायजे."

ओठ सुटले. आधी नुसता बारीक आवाज आला, कुत्र्याच्या पिलासारखा. मग एकदम ती ओरडली. असं ओरडली की बाकावरची माणसं उठून दाराशी आली. सुई लागताच तिनं डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. "मेली मी! सोड मले, चष्मेवाल्या! माह्या मामाले सांगीन! माह्या आजीले सांगीन! भातकुलीचे सारे येतीन!" तिनं आजीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वस्तीतल्या विहिरीजवळचं घर सांगितलं. डॉक्टर बोट झटकत म्हणाले, "अरे बाप रे, सारं गाव आणून मारणार का मला? नर्स, धर हिला!" आणि त्या गडबडीत दाढ बाहेर आली.

पंचफुला भिंतीला टेकून रडत होती. नर्स म्हणाली, "बाई, झालं, निघाला दात. एवढं काय?"

तीन दिवसांत सूज गेली. शालू बोलायला लागली ती थांबेना. सकाळी उठल्यापासून मामाचं डोकं खायची, गल्लीतल्या पोरींशी भांडायची, विहार म्हणून बांधलेल्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन म्हाताऱ्यांबरोबर वंदना म्हणायची, अर्धी चुकीची.

रविवारी श्रावण आला. मोतीरामच्या अंगणातल्या बाजेवर तो बसला आणि चहा थंड होईपर्यंत शालूचं बोलणं ऐकत राहिला. ती त्याला दवाखान्यातली गोष्ट सांगत होती, डॉक्टरची नक्कल करून, हात उडवून. सहा महिन्यांत त्यानं तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पंचफुलानं आदल्या दिवशी ठरवलं होतं की गाडीतलं सगळं त्याला सांगायचं. आता तिनं ते सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"काकूले सांगू आपन," ती म्हणाली. "खरं काय ते सांगू. मंग जे व्हईन ते व्हईन."

"सांगतलं तं त्याच दिवशी सामान बाहेर."

"काकू चांगल्या हायेत."

"चांगल्या हायेत, म्हनूनच. त्याईनं तुह्या पोरीची येनी घातली, गालाले गाल लावला. थे त्याईले सहन व्हईन काय?" त्याचा आवाज चढला नाही. तो थकला होता. "पाच महिने मी दारोदार फिरलो. आता पुन्हा मले ते जमत नाई. नौकरी सोडू काय, सांग."

मोतीराम म्हणाला, "भाऊजी, शालूले अठीच ठेवा. नगरपालिकेची शाळा हाये समोर. तुमचं क्वार्टर भेटेपर्यंत."

शालू आता गल्लीत कुणाला तरी हाका मारत होती. पंचफुलाला वाटलं, श्रावण नाही म्हणेल. श्रावणला वाटलं, ती नाही म्हणेल. दोघांनाही शालूचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजाला अमरावतीच्या दोन खोल्यांत परत नेऊन कोंडायची हिंमत दोघांनाही नव्हती. आणि पंचफुलानंही शालूजवळ राहायचं, श्रावणला एकट्याला तिथं सोडायचं, तर बायको कुठं गेली म्हणून चार दिवसांत गल्लीभर चर्चा.

शालू राहिली. निरोप देताना ती रडेल म्हणून पंचफुलानं मन घट्ट केलं होतं. पण शालू खेळ अर्धा टाकून आली, आईच्या कमरेला मिठी मारली, आणि "जाय, माय, माहा डाव हाये," म्हणून पळाली.

मोतीराम स्टेशनावर पोचवायला आला होता. "दर आठवड्याले कार्ड टाकीन," तो म्हणाला.

"कार्ड नको," श्रावण म्हणाला. त्यांच्या वस्तीतली पत्रं जयभीमनं सुरू व्हायची, आणि पोस्टमन सगळं टपाल मास्तरांच्या हातात द्यायचा. "पाकिटात टाक. कचेरीच्या पत्त्यावर."

अमरावतीत गोदावरीबाई फाटकाशीच भेटल्या. पंचफुलाच्या मागं शालूला शोधू लागल्या.

"मामाकडं ठेवली," पंचफुला म्हणाली. "शाळा बरी आहे तिकडची."

"आणि तुम्हाला करमेल?" त्या बघत राहिल्या. "सहा वर्षांचं लेकरू आईशिवाय? मी तर तिच्यासाठी तिळाचे लाडू करून ठेवले होते हो." मग जरा दुखावून म्हणाल्या, "माझ्यामुळं तर नाही ना नेलं?"

"नाही काकू. तुमच्यामुळं नाही."

लाडवांचा डबा पंचफुलानं घेतला.

क्वार्टर चौदा महिन्यांनी मिळालं. तोवर पंचफुला त्या दोन खोल्यांत पुष्पा म्हणून राहिली. पहिलं पाकीट जानेवारीत आलं. श्रावणनं ते कचेरीतून शर्टाच्या आतल्या खिशात आणलं. पंचफुलाला वाचता येत नव्हतं. चुलीवर भाकर होती, तिनं ती तशीच ठेवली आणि त्याच्याजवळ येऊन बसली. तो अगदी खालच्या आवाजात वाचू लागला.

मोतीरामनं लिहिलं होतं की शालू मजेत आहे. नवीन शाळेत मास्तरीणबाईंनी तिला बाकावर उभं केलं. वर्गात सारखी बोलते, बाईंना मधेच तोडते, सांगितलं तरी गप्प बसत नाही. बाईंनी घरी निरोप पाठवला आहे की मुलीला जरा वळण लावा.

पंचफुला हसली. खळखळून, तोंड उघडं टाकून हसली, आणि तिला थांबता येईना.

श्रावणनं भिंतीकडे बघितलं.

"हळू," तो म्हणाला. "हळू हास."